पेशी घास गिळते तेव्हा: पॅरामेशियम, रंगीत यीस्ट आणि पटलाच्या पिशवीचा प्रवास

एंडोसायटोसिस, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं पेशीय भक्षण, बहुतेक वर्गांत तीन आकृत्यांत उरकतं. प्रद्रव्यपटल आत वळतं, त्याची पिशवी होते, पिशवी सुटून पेशीत जाते. पुढे एक बाण आणि 'पचन' हा शब्द. परीक्षेपुरतं ते चालतं. पण आकृत्या पाठ असलेल्या मुलाला एवढंच विचारून बघा, की पिशवीतला कण आता पेशीच्या आत आहे की बाहेर? तो अडखळतो. कण पेशीच्या हद्दीत आला असला तरी त्याच्या आणि पेशीद्रव्याच्या मध्ये तेच पटल अजून उभं असतं. पिशवीतली जागा म्हणजे बाहेरच्याच पाण्याचा कापून घेतलेला थेंब. तो आम्ल करायचा, त्यात विकरं सोडायची, पचून सुटलेले रेणू पटलापार ओढून घ्यायचे, उरलेलं बाहेर टाकायचं आणि वापरलेलं पटल परत जागेवर न्यायचं. एवढं झालं म्हणजे घास अंगी लागला.

यातला बराचसा भाग कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या तासात डोळ्यांनी बघता येतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पॅरामेशियम हा तळ्यातला एकपेशीय जीव, बेकरीत वापरतात ते यीस्ट आणि काँगो रेड हा रंग. हा रंग साधारण ५ पीएचच्या वर लाल असतो आणि ३ च्या आसपास जांभळा-निळा होतो. म्हणजे पिशवी आम्ल झाली की नाही, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. रंगच सांगतो.

पॅरामेशियम वाढवणं

जीवशास्त्राच्या साहित्याच्या दुकानातून संवर्ध, म्हणजे जिवंत पॅरामेशियम वाढवलेलं पाणी, विकत मिळतो, पण घरचा करणं अवघड नाही. भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत घ्या, फवारणी न झालेलं. कीटकनाशकाचा अंश असलेल्या पेंढ्यात काहीही वाढत नाही आणि आठवडा वाया जातो, म्हणून पेंढा कुठून आला हे विचारून घ्या. साधारण १० ग्रॅम पेंढ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा. पाणी नळाचं असेल तर आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातं.

उकळलेलं पाणी पेंढ्यासकट रुंद तोंडाच्या बरणीत ओता, वर मलमलचं फडकं बांधा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. पाणी गढूळ होईल, वर साय धरेल. ते जिवाणू आहेत आणि तेच पॅरामेशियमचं अन्न आहे. आता तळ्याच्या किंवा शेततळ्याच्या काठाजवळचं, कुजक्या पानांसकट घेतलेलं कपभर पाणी त्यात घाला. वाहत्या ओढ्याचं पाणी नको, त्यात पॅरामेशियम क्वचित सापडतं. बरणी उन्हापासून दूर, खोलीतल्या सावलीत ठेवा. २२ ते २८ अंश सेल्सियस तापमान त्यांना मानवतं. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात हा प्रयोग करायचा असेल, तर बरणी माठाशेजारी ठेवावी, नाहीतर उष्म्याने सगळा संवर्ध बसतो.

पहिले काही दिवस नुसते बारीक, वळवळणारे जीव दिसतील. पाच ते दहा दिवसांत पॅरामेशियमचं राज्य येतं. बरणीमागे काळा कागद धरा आणि बाजूने टॉर्च मारा. पाण्याच्या वरच्या थरात पांढरे, सावकाश फिरणारे ठिपके दिसले की तेच ते. पॅरामेशियम कॉडेटमची लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे चांगल्या नजरेला भिंगाशिवायही तो जाणवतो. संवर्ध पुढे टिकवायचा तर आठवड्याला उकडलेल्या तांदळाचे दोन-तीन दाणे टाकत राहा.

जास्त जीव एकत्र हवेत तर संवर्धाचं पाणी गाळून एका उभ्या परीक्षानळीत काठोकाठ भरा आणि अर्धा तास थांबा. पॅरामेशियम वरच्या दिशेला पोहतात. वरचे चार-पाच थेंब ड्रॉपरने उचलले की त्यात तळच्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतात.

यीस्ट रंगवणं

इथे सावध राहा. काँगो रेड हा बेन्झिडीनपासून बनवलेला रंग आहे आणि बेन्झिडीन कर्करोगकारक आहे. हे काम प्रयोगशाळेतच करावं, घरच्या ओट्यावर नाही. वजन करताना पूड उडू देऊ नका, हातमोजे घाला, मास्क लावा. शाळेतल्या मुलांना तयार, पातळ केलेलं रंगीत यीस्टच द्यावं. पुडीला हात शिक्षकांनीच लावावा.

१० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ३ ग्रॅम ओलं, दाबलेलं यीस्ट आणि ३० मिलिग्रॅम काँगो रेड घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळायचं. ओलं यीस्ट मिळालं नाही तर कोरडं यीस्ट एक ग्रॅमभर घ्या. उकळल्याने यीस्ट मरतं, रंग धरतं आणि नंतर फुगत नाही. गार झाल्यावर थोडं ढवळून, त्यातला एक थेंब १० मिलिलिटर साध्या पाण्यात सोडून पातळ करा. वापरायचं ते हे पातळ केलेलं. दाट यीस्टमध्ये पॅरामेशियम दिसतच नाही, सगळीकडे लाल चिखल दिसतो.

काँगो रेड मिळतच नसेल, तर कार्मिनची पूड पाण्यात मिसळूनही घास गिळताना दिसतो. पण कार्मिनचा रंग असा बदलत नाही, म्हणजे निम्मी गोष्ट हुकते. जमल्यास काँगो रेडच मिळवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पुढे जाण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करून ठेवा, जे बहुतेक प्रयोगवह्यांत लिहिलेलं नसतं. तीन स्लाइडवर रंगीत यीस्टचा एकेक थेंब घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात व्हिनेगरचा थेंब घाला; तो जांभळट-निळा होईल. तिसऱ्यात आधी व्हिनेगर आणि मग खाण्याच्या सोड्याचं पाणी घाला. तो निळा होऊन परत लाल होईल. तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांचे फोटो काढून ठेवा. पॅरामेशियमच्या पोटातला रंग 'जरा जांभळा वाटतोय' असं मोघम लिहिण्यापेक्षा या फोटोंशी ताडून बघता येतो. व्हिनेगर लागलेला ड्रॉपर मात्र बाजूला काढा, तो संवर्धाला लागता कामा नये.

स्लाइड लावणं

पॅरामेशियम सेकंदाला मिलिमीटरभर पळतं. मोकळ्या थेंबात त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. स्लाइडवर कापसाचे चार-सहा तंतू विरळ पसरा, त्यावर संवर्धाचा एक थेंब, त्याशेजारी पातळ रंगीत यीस्टचा लहान थेंब. सुईच्या टोकाने दोन्ही एकत्र करा आणि त्याच क्षणी घड्याळ लावा. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे बारीक ठिपके लावून ती हलकेच ठेवा. त्याने जीव चिरडत नाही आणि पाणीही लवकर उडत नाही.

तीन टक्के मिथाइल सेल्युलोजचा थेंब घातला तर पॅरामेशियम आणखी मंदावतं. तो जपून वापरा. फार घट्ट झालं तर तोंडाजवळच्या केसलांचा, म्हणजे हलत्या बारीक केसांचा, प्रवाहच मंदावतो आणि जीव खाणं सोडतो. मला कापूस जास्त भरवशाचा वाटतो.

आधी १० पट वस्तुभिंगाखाली शांत बसलेला, तंतूंत अडकलेला एखादा शोधा, मग ४० पटीवर जा. झडप अर्धी बंद करून उजेड कमी करा. प्रखर दिव्याने थेंब तापतो, आणि रंगही फिका दिसतो.

बघायचं काय, केव्हा

पहिल्या दोन मिनिटांत नजर मुखखाचेवर ठेवा. शरीराच्या एका कडेला तिरकी आत गेलेली ती घडी आहे. तिथले केसल यीस्टला आत झटकत असतात आणि लाल कण एकामागून एक खाचेच्या तळाशी जमा होतात. तळाला पटलाचा एक फुगा धरलेला दिसेल. यीस्टची एक पेशी साधारण ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फुगा वाढून १० ते २० मायक्रॉनचा होतो, म्हणजे एका फुग्यात यीस्टच्या बऱ्याच पेशी मावतात. आतले कण सुरुवातीला गरगर फिरत असतात, कारण बाहेरचा प्रवाह अजून त्यांना ढकलतोय. मग एकदम तो फुगा खाचेपासून सुटतो, थोडा लांबट होतो आणि शेपटीच्या दिशेने घसरत जातो. कण फिरायचे थांबतात. ही अन्नरिक्तिका, म्हणजे अन्नाची पिशवी, तयार झाली. सुटण्याचा तो क्षण निमिषभराचा असतो. नवशिक्याचा हुकला तर पुढच्या मिनिट-दोन मिनिटांत दुसरा फुगा सुटतोच, म्हणून त्याच जागी टक लावून राहा.

या घडीला रिक्तिकेचा रंग लाल आहे, बाहेरच्या यीस्टसारखाच. वर म्हटलं ते इथे दिसतं. घास गिळून झाला, पण आत अजून बाहेरचंच पाणी आहे.

आता तीच एक रिक्तिका नजरेत धरा. साधारण पाच मिनिटांत दोन बदल जवळजवळ एकदम होतात. रिक्तिका आकसते, आणि लाल रंग आधी किरमिजी, मग जांभळट-निळा होतो. हवाई विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅग्नेस फोक यांनी १९८० च्या दशकात याच रिक्तिकांचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडला. अ‍ॅसिडोसोम नावाच्या बारीक पिशव्या खाचेजवळच नव्या रिक्तिकेला चिकटून येतात आणि थोड्याच वेळात तिच्यात मिसळतात. त्यांच्या पटलात हायड्रोजनचे आयन आत ढकलणारे पंप असतात. पीएच ७ च्या आसपासपासून ३ पर्यंत उतरतो. त्याच वेळी रिक्तिकेचं जुनं पटल बारीक नळ्यांच्या रूपाने काढून घेतलं जातं, म्हणून ती आकसते. जिवाणू असेल तर तो या आम्लातच मरतो.

साधारण आठ-दहा मिनिटांनंतर रिक्तिका परत फुगते. आता लयकारिका, म्हणजे पाचक विकरांच्या पिशव्या, येऊन मिसळल्या आहेत, विकरं आत आली आहेत आणि आम्लता उतरू लागली आहे. निळा रंग हळूहळू नारिंगी-लालकडे वळतो. शरीरात वेगवेगळ्या रंगांच्या रिक्तिका एकाच वेळी फिरताना दिसल्या तर गोंधळू नका, त्या वेगवेगळ्या वयाच्या आहेत. खाचेजवळची लाल सर्वांत कोवळी, मधली निळी पाच-सात मिनिटांची, आणि परत लालसर झालेली जुनी.

दोन गोष्टींनी हमखास फसगत होते. शरीराच्या दोन टोकांजवळ पारदर्शक, ताऱ्यासारखे हात असलेले दोन गोळे उघडझाप करताना दिसतील. ती संकोची रिक्तिका आहे. जास्तीचं पाणी बाहेर फेकते, खाण्याशी तिचा संबंध नाही. दुसरं, सगळंच शरीर एकसारखं लाल झालेलं दिसलं तर तो जीव मेलेला आहे आणि रंग त्याच्यात झिरपला आहे. तो मोजणीत धरू नये. विभाजन चालू असलेला, मध्ये चिमटलेला पॅरामेशियमही खात नाही, आणि दोन-दोन चिकटलेले जोडीतलेही नाहीत. तेव्हा एक-दोन जिवांत रिक्तिका दिसल्या नाहीत म्हणून प्रयोग फसला असं समजू नका, दुसरे बघा.

वहीत काय मांडावं

यीस्ट मिसळल्यापासून ५, १० आणि १५ मिनिटांनी किमान दहा जिवांतल्या रंगीत रिक्तिका मोजा आणि लाल, निळ्या, परत लालसर असे तीन रकाने करा. नुसती एकूण संख्या मांडली तर वही कोरडी राहते. रकाने केले की दिसतं, पाच मिनिटांना बहुतेक लाल, दहाला निळ्यांची भर, पंधराला तिसऱ्या रकान्यातही आकडे.

त्याच वहीत पटलाचा हिशोब मांडा. एका रिक्तिकेचा व्यास १५ मायक्रॉन धरला तर तिचं पृष्ठफळ सुमारे ७०० चौरस मायक्रॉन येतं. दर दोन मिनिटांना एक म्हटली तर तासाला ३० रिक्तिका, म्हणजे २१,००० चौरस मायक्रॉन पटल. २५० मायक्रॉन लांब आणि ५० मायक्रॉन जाड अशा नळकांड्याएवढं पॅरामेशियम धरलं, तर त्याचं बाहेरचं पृष्ठफळ ३९,००० च्या घरात जातं. केसलांचं क्षेत्रफळ त्यात धरलेलं नाही. तरी ढोबळ अर्थ लक्षात येतो: जीव तासाभरात अंगावरच्या निम्म्याहून अधिक कातड्याएवढं पटल गिळतो, आणि आकाराने कमी मात्र होत नाही. म्हणजे गेलेलं पटल परत येत असलं पाहिजे. माणसाच्या शरीरातल्या, जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींचा वेग याहून अधिक आहे. त्या दर मिनिटाला आपल्या पटलाचा सुमारे ३ टक्के भाग आत ओढतात, म्हणजे अर्ध्या तासात जवळजवळ सगळं. हा आकडा मुलांना सांगितला की 'मग पेशी संपत कशी नाही?' हा प्रश्न आपोआप येतो, आणि माझ्या मते या प्रयोगातून निघणारा सर्वांत मोलाचा प्रश्न तोच.

भिंगाखाली जे दिसत नाही

यीस्ट गिळणं ही फॅगोसायटोसिस, मोठा कण घेण्याची पद्धत. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले आणि त्यांच्याभोवती भटक्या पेशी जमलेल्या पाहिल्या. त्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला पॉल एहर्लिखबरोबर मिळालं. भोवतालच्या द्रवाचे घोट घेण्याला पिनोसायटोसिस म्हणतात. या सगळ्यांना मिळून एंडोसायटोसिस हे नाव लयकारिकांचा शोध लावणाऱ्या क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९६३ मध्ये दिलं.

आपल्या शरीरात याहून सूक्ष्म, निवडक पद्धत सतत चालू असते आणि ती साध्या भिंगाला दिसत नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रॉनच्या खालचं वेगळं दिसत नाही, आणि या पिशव्या ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतात. त्या पहिल्यांदा नीट दिसल्या १९६४ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, आणि त्याही एडिस इजिप्ती डासाच्या मादीच्या अंड्यात. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच डास. मादीने रक्त प्यायल्यावर तिच्या अंडपेशी पोषक प्रथिन भराभर आत घेतात. थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांना पटलाच्या आतल्या बाजूने केसाळ अस्तर असलेले खळगे दिसले. रक्त प्यायल्यानंतर त्यांची संख्या अनेक पटींनी वाढलेली होती. ते अस्तर कशाचं, हे केंब्रिजमध्ये बार्बरा पिअर्स यांनी १९७६ मध्ये दाखवलं. प्रथिनाला नाव मिळालं क्लॅथ्रिन.

पायऱ्या अशा. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर आपला ठरलेला रेणू पकडतो. आतल्या बाजूला, रिसेप्टरच्या शेपटीला जोडप्रथिनं धरतात आणि ती क्लॅथ्रिनला बोलावतात. क्लॅथ्रिनचा प्रत्येक घटक तीन पायांचा. हे पाय एकमेकांत गुंतून षटकोन-पंचकोनांची जाळी होते आणि पटल वाकत जातं. शेवटी खळगा नुसत्या बारीक मानेवर उरतो. त्या मानेभोवती डायनामिन नावाचं प्रथिन वेटोळं घालतं आणि, पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तसं, मान आवळून पिशवी तोडतं. पिशवी सुटली की क्लॅथ्रिनचं अस्तर काही सेकंदांत उतरवलं जातं. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

डायनामिनची खूण पटली ती फळमाशीच्या शिबिरे नावाच्या उत्परिवर्तनातून. ही माशी नेहमीच्या तापमानाला ठणठणीत असते, पण २९ अंशांच्या वर नेली की काही मिनिटांत लुळी पडते. थंड केली की पुन्हा उठून चालू लागते. तिच्या मज्जातंतूंच्या टोकांना पिशव्या तोडता येत नाहीत, अर्धवट खळगे मानेवर लटकून राहतात, आणि संदेशासाठी लागणाऱ्या नव्या पिशव्याच उरत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी या माशीवर मोठं काम केलं. डायनामिनला लागणारा जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू कुठून पुरवला जातो, याचा माग त्यांच्या गटाने सहकाऱ्यांसोबत २००१ मध्ये दाखवला.

आम्लावर निवाडा

पॅरामेशियमच्या पोटात लाल रंग निळा झालेला बघितला असेल, तर पुढचं समजायला वेळ लागत नाही.

रक्तातलं कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या, साधारण २२ नॅनोमीटर व्यासाच्या कणांतून फिरतं. टेक्सासातल्या डॅलस इथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात त्याचा रिसेप्टर शोधला. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. एलडीएल आणि त्याचा रिसेप्टर क्लॅथ्रिनच्या पिशवीतून एकत्र आत येतात आणि एंडोसोममध्ये, म्हणजे आत आलेला माल वेगळा करणाऱ्या कप्प्यात, पोचतात. तिथला पीएच ६ च्या आसपास. तेवढ्या सौम्य आम्लानेही रिसेप्टर आपली पकड सोडतो. एलडीएल पुढे लयकारिकेत जातं, जिथे पीएच ५ च्याही खाली असतो, तिथे ते फोडलं जातं आणि कोलेस्टेरॉल पेशीच्या कामी येतं. रिसेप्टर मात्र वेगळ्या पिशवीतून पृष्ठभागावर परततो. एका फेरीला दहाएक मिनिटं लागतात. सुमारे वीस तासांच्या आयुष्यात एक रिसेप्टर शंभराहून अधिक फेऱ्या मारतो.

लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची तऱ्हा उलटी. त्याच आम्लात ते लोह सोडतं, पण रिसेप्टरला धरूनच राहतं, दोघंही परत पृष्ठभागावर येतात आणि रक्ताच्या जवळजवळ उदासीन पीएचला ट्रान्सफेरिन सुटून नव्या लोहाच्या शोधात जातं. एकच खोली, एकच आम्ल, आणि दोन रेणूंचे दोन मार्ग.

ही फेरी बिघडली तर काय होतं, हे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलमध्ये दिसतं. साधारण २५० ते ५०० माणसांमागे एकाला आई किंवा वडिलांकडून एक सदोष जनुक मिळतं. दोन्हीकडून मिळालेल्या मुलांना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना एका रुग्णात विलक्षण दोष सापडला: रिसेप्टर एलडीएल व्यवस्थित पकडायचा, पण शेपटीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असल्याने तो क्लॅथ्रिनच्या खळग्यात जमायचाच नाही. पकडणं आणि आत घेणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्यातून पक्कं झालं. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली औषधं यकृताच्या पेशींना अधिक रिसेप्टर बनवायला लावतात. २०१५ पासून वापरात आलेली पीसीएसके९ विरोधी इंजेक्शनं आणखी नेमकी आहेत. पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टरला परतू न देता लयकारिकेत ढकलतं. इंजेक्शन ते प्रथिनच अडवतं, आणि परतीची वाट मोकळी राहते. पटलाचा जो हिशोब तुम्ही वहीत मांडला, त्यातल्या परतीच्या बाजूवर आज औषध आहे.

रोगजंतूंनाही हा रस्ता ठाऊक आहे. क्षयाचा जिवाणू महाभक्षी पेशीला स्वतःला गिळू देतो आणि लयकारिका आपल्या पिशवीत मिसळू देत नाही. लंडनमध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं. म्हणजे त्याची रिक्तिका तुमच्या पहिल्या पाच मिनिटांच्या अवस्थेतच अडकून राहते. डेंग्यूच्या विषाणूचं गणित नेमकं उलटं: त्याला आम्ल हवंच असतं. आम्लाने त्याच्या आवरणातल्या प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचं आवरण पिशवीच्या पटलाशी एकरूप होतं आणि त्याची जनुकं पेशीद्रव्यात उतरतात.

दुसरी फेरी: बर्फ, आणि बाहेर पडणारा घास

पहिला प्रयोग हाताखालून गेला की हे दोन जरूर करा.

पहिला बर्फाचा. संवर्धाची एक परीक्षानळी आणि रंगीत यीस्टची एक, दोन्ही दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, गार असतानाच मिसळा आणि मिश्रण बर्फातच राहू द्या. पाच मिनिटांनी थेंब काढून लगेच मोजा, आणि खोलीच्या तापमानाला केलेल्या मोजणीशेजारी मांडा. गारव्याने पटलाची हालचाल आणि केसलांचा वेग दोन्ही मंदावतात, त्यामुळे रिक्तिका अगदी थोड्या दिसतील. थेंब स्लाइडवर तापू लागला की खाणं परत सुरू होतं, तेव्हा पहिल्या मिनिट-दीड मिनिटातच मोजणी आटपा.

दुसऱ्याला धीर लागतो. परीक्षानळीत पॅरामेशियमना पाच मिनिटं रंगीत यीस्ट द्या, मग त्यात पाचपट साधं पाणी आणि उकळलेलं पण न रंगवलेलं यीस्ट घाला. रंगीत घास आता थोडेच मिळणार, त्यामुळे शरीरातल्या बहुतेक रंगीत रिक्तिका एका वयाच्या राहतात. दर पाच मिनिटांनी थेंब काढून त्यांचा रंग आणि जागा बघा. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे नजर मुखखाचेच्या मागे, शरीराच्या कडेला ठेवा. तिथे पेशीगुदाची जागा आहे. जुनी रिक्तिका तिथे येऊन टेकते, कड क्षणभर उघडते आणि लालसर गाळ पाण्यात ढकलला जातो. यीस्टची टरफलं न पचता राहिलेली ओळखू येतात. रिकामी झालेली पिशवी तिथेच कोसळते. तिच्या पटलाचे चपटे, चकतीसारखे तुकडे होतात आणि पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने परत मुखखाचेच्या तळाशी नेले जातात, पुढच्या फुग्यासाठी. हे तुकडे दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पण तासाला एकवीस हजार चौरस मायक्रॉनचा हिशोब कुठे मिटतो, ते यातून कळतं.

काम झाल्यावर रंगीत पाणी बेसिनमध्ये ओतू नका. एका बाटलीत साठवून रासायनिक कचऱ्यात द्या, स्लाइड साबणाने धुऊन वेगळ्या ठेवा. बरणीतला उरलेला, यीस्ट न लागलेला संवर्ध ताज्या पेंढ्याच्या पाण्यात थोडा घालून ठेवलात तर पुढच्या तुकडीला नव्याने तळ्यावर जावं लागत नाही.